टीझरमधले जाते

त्या शुक्रवारी डोंबिवलीतल्या एका चित्रपटगृहात मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. श्रेयनामावली सुरू झाली आणि पुढच्या रांगेतले गृहस्थ उठता उठता पत्नीला म्हणाले, "ती जात्यावरची बाई कुठे आली गं यात?" "तुम्हाला डुलकी लागली असेल," असे म्हणून त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, "पण मलाही नाही दिसली ती." दिसणार कशी? ती चित्रपटात नव्हतीच. त्यांच्या डोक्यात ती मी घातली होती.

गेली अकरा वर्षे मी टीझर आणि ट्रेलर कापतो. बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते ते एवढेच, की टीझर तयार होतो तेव्हा चित्रपट तयार झालेला नसतो. संकलन चालू असते, रंगसंस्कार व्हायचे असतात, पार्श्वसंगीताच्या जागी तात्पुरते काहीतरी लावलेले असते. ट्रेलरने कथेची तोंडओळख करून द्यायची असते. टीझरने एक प्रश्न आणि एक तारीख मागे ठेवून निघून जायचे असते. हल्ली टीझर येणार आहे हे सांगणारी वेगळी जाहिरात येते आणि तिचेही व्ह्यूज मोजले जातात, त्याविषयी न बोललेलेच बरे.

या चित्रपटाच्या रशेसमध्ये, म्हणजे न कापलेल्या मूळ चित्रीकरणात, मला एक शॉट सापडला होता. पहाटेच्या अंधारात बाई दळते आहे. मुठीने धान्याची वैरण घालते, खुंटा फिरवते आणि एकाएकी तिचा हात खुंट्यावरून सुटतो. वरचा जड दगड मात्र आपल्याच वेगाने आणखी पाव फेरा फिरतो आणि पीठ सांडत राहते. चार सेकंद, म्हणजे शहाण्णव फ्रेम. चित्रीकरणाच्या वेळच्या ध्वनीत जात्याच्या घरघरीत जनरेटरची घरघर मिसळलेली होती, म्हणून माझ्या सहाय्यकाच्या आत्याच्या घरी जाऊन आम्ही खरे जाते फिरवून आवाज टिपला. पडदा काळा केल्यावर तो आवाज मी आणखी दीड सेकंद चालू ठेवला आणि तो थांबल्यावरच नाव आणि तारीख आणली. निर्मात्यांनी पाहून विचारले, "हीरो कुठे आहे? गाणे कुठे आहे?" दिग्दर्शक माझ्या बाजूने उभे राहिले, म्हणून तो टीझर वाचला. पुढे संकलनात मध्यंतरानंतरची चौदा मिनिटे कमी झाली, त्यांत त्या बाईचा, म्हणजे कथेतल्या आईचा, पूर्ण भूतकाळ गेला आणि जातेही गेले. टीझर कापणाऱ्याला हे कळवावे असे आमच्या धंद्यात कोणाच्याही मनात येत नाही.

परतीच्या लोकलमध्ये मी स्वतःची समजूत घालत होतो. 1913 साली न्यूयॉर्कमध्ये मार्कस लो यांच्या चित्रपटगृहांसाठी त्यांचे जाहिरात-व्यवस्थापक निल्स ग्रॅनलंड यांनी जी पहिली मानली जाणारी ट्रेलरची चित्रफीत केली, ती रंगमंचावरच्या एका संगीतिकेची होती आणि तिच्यात तालमीची दृश्ये होती. म्हणजे अपुरे काम दाखवूनच या प्रकाराचा जन्म झाला. 'सायको'च्या 1960 च्या ट्रेलरमध्ये दिग्दर्शक हिचकॉक न्हाणीघराचा पडदा सारतात, तेव्हा किंचाळणारी बाई चित्रपटात तिथे मरणारी जॅनेट ली नसून व्हेरा माइल्स आहे. 'टर्मिनेटर 2'चा कारखान्यातला टीझर तर त्या चित्रपटाचे स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या स्टॅन विन्स्टन यांनी मुद्दाम वेगळा चित्रित केला होता. मात्र या मंडळींनी हे सर्व ठरवून केले होते. माझ्या हातून ते घडले.

मग 'फॅन' या चित्रपटाचा खटला आठवला. जाहिरातीत दाखवलेले गाणे चित्रपटात नव्हते, म्हणून मराठवाड्यातल्या एका प्रेक्षक महिलेने ग्राहक मंचाकडे तक्रार केली. राज्य आयोगाने तिला दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार रुपये खर्च मंजूर केला; 2024 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, कारण प्रसिद्धीसाठीचा ट्रेलर म्हणजे करार किंवा वचन नव्हे. कायद्याने मी सुटलो होतो. परंतु निकालपत्र त्या गृहस्थांच्या हाती देऊन "पाहा, आम्ही काही कबूल केले नव्हते" असे म्हणण्याची कल्पना केली तेव्हा मला लाज वाटली. ते फसवणुकीविषयी बोलतच नव्हते. तिचा हात का थांबला, एवढेच त्यांना हवे होते.

रात्री दिग्दर्शकांना फोन केला. "सर, जाते काढले?" ते म्हणाले, "अहो, तिथे चित्रपट थांबत होता. आणि तुमच्या टीझरमध्ये आहे की तो शॉट." त्यांचे संकलन योग्यच होते, हे चित्रपट पाहून आल्यावर मला नाकारता येत नव्हते, आणि राग त्याचाच अधिक येत होता.

आता टीझर लॉक, म्हणजे अंतिम, करण्यापूर्वी मी चित्रपटाच्या संकलकाला फोन करून विचारतो, "हा शॉट राहणार आहे ना?" परवा एकाने टाइमलाइन पुढेमागे सरकवल्याचा आवाज ऐकू आला आणि मग तो म्हणाला, "आत्तापर्यंत तरी आहे."