मुंबईची बेस्ट बस तोट्यात आहे म्हणे, मग कोस्टल रोड कुठे नफ्यात आहे?

सकाळी नऊच्या सुमाराला कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला 310 नंबरच्या बसची लाइन बघा एकदा. बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, काचेच्या बिल्डिंगांमध्ये कामाला जाणारी पोरंपोरी तिथे उभी असतात, बँकेतले ट्रेनी, हाउसकीपिंगवाल्या, पॅन्ट्रीतली मुलं, गळ्यात आयकार्ड, कानात हेडफोन, आणि डोक्यात एकच हिशोब, बस खचाखच भरून आली तर आज शेअर रिक्षा परवडेल का.

2019 च्या जुलैत बेस्टचं मिनिमम तिकीट 5 रुपये झालं होतं, एसीचं 6 रुपये. मे 2025 मध्ये ते थेट 10 आणि 12. ऐकायला किरकोळ वाटतं, पण घर ते स्टेशन एक बस आणि स्टेशन ते ऑफिस दुसरी, असं असलं की जाऊन येऊन दिवसाला 20 रुपये जास्तीचे, म्हणजे महिन्याला पाचशेच्या वर गेले, आणि हातात सोळा-सतरा हजार येणाऱ्याला पाचशे म्हणजे काय ते त्यालाच विचारा.

विचारलं की उत्तर ठरलेलं, बेस्ट तोट्यात आहे. अहो, 1947 पासून ती महापालिकेची आहे! पूर्वी बेस्टच्याच वीजपुरवठ्यातल्या नफ्यावर बसचा तोटा भागायचा, चांगली सोय होती, पुढे विजेचे नियम बदलले आणि ती बंद झाली, तिच्या जागी पक्कं काही आलंच नाही, आता पालिका देईल ते अनुदान. 2025-26 चं पालिकेचं बजेट 74,427 कोटी, त्यात बेस्टला 1000 कोटी. आणि त्याच पालिकेने जवळपास 14 हजार कोटी घालून समुद्रकिनाऱ्यालगतचा कोस्टल रोड बांधला, टोल नाही, बाइक-रिक्षाला एंट्री नाही, म्हणजे मुख्यतः कारवाल्यांची फुकटात सोय. (बस जाते तिथून, मान्य. पण बससाठी बांधला असं कोणी म्हणू नका.) त्याचा तोटा किती, हे विचारताना मी तरी कोणाला ऐकलं नाही.

त्यात ते वेट लीजचं. गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर पण त्याचाच, बेस्ट किलोमीटरमागे पैसे मोजणार. स्वतःच्या 3,337 गाड्या ठेवू असं 2019 मध्ये युनियनला लिहून दिलं होतं, प्रत्यक्षात गाड्या कधीच त्याच्या खाली गेल्या. कंत्राटदाराला परवडेनासं झालं की तो गाड्या घेऊन निघून जातो, रूटवरच्या फेऱ्या कमी होतात आणि स्टॉपवरची लाइन वाढते. ऑगस्ट 2023 मध्ये याच कंत्राटी ड्रायव्हरांनी पगारासाठी संप केला तेव्हा लोक वैतागले, पण ती पण आपल्याच वयाची पोरं हो, काम तेच, रस्ता तोच, पगार मात्र पर्मनंटवाल्याच्या जवळपासही नाही.

माझा मित्र म्हणतो, सगळं फुकट कसं मिळेल. फुकट कोण मागतंय? गाड्या बेस्टच्या मालकीच्या घ्या आणि दरवर्षी पालिकेच्या बजेटमध्ये त्यांचा वाटा ठरवून टाका, रस्त्यांचा असतो तसा. आणि पैसे कमीच पडत असतील तर आधी रस्त्याच्या कडेला रात्रंदिवस फुकट लावलेल्या गाड्यांकडून पार्किंगचे घ्या, मग 310 च्या लाइनीत या मागायला.