दहापैकी नऊ सौदे फायद्यात

कुणी म्हणालं, "दहापैकी नऊ सौदे फायद्यात," की मी आधी टार्गेट (किती नफ्यावर विकायचं) आणि स्टॉपलॉस (किती तोट्यावर बाहेर पडायचं) विचारते. भाच्यालाही तेच विचारलं. आरएसआय, म्हणजे भावाची अलीकडची चढ-उतार ० ते १०० मध्ये मांडणारा आकडा, ३० च्या खाली गेला की शेअर घ्यायचा, २ टक्के वर गेला की विकायचा, १८ टक्के पडला तर तोटा घेऊन बाहेर पडायचं. उदगीरला त्याचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मोबाइल बाहेर निघतो. ही पद्धत त्याला कुठल्याशा टेलिग्राम ग्रुपवर मिळाली.

"मावशी, चौदाच्या चौदा फायद्यात गेलेत बघ. एकबी लॉस न्हाई."

मी लातूरला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. रिटायर झाले तरी आकडा ऐकला की गप्प बसवत नाही. त्याला म्हटलं, खरे भाव राहू दे बाजूला, आपण खोटे भाव तयार करू. एक्सेलमध्ये एका खोट्या शेअरची सुरुवात १०० रुपयांवर केली. रोजचा बदल यादृच्छिक ठेवला: सरासरी शून्य, प्रमाण विचलन (चढ-उताराचं माप) १ टक्का. यात ना कंपनी, ना निकाल, ना बातमी. उद्याचा भाव कालच्यावरून ओळखताच येणार नाही, अशी सोयच करून ठेवली. मग आलेख काढून दाखवला. पठ्ठ्या लगेच म्हणाला, "हे बघ, डबल बॉटम झालाय, दोनदा तळाला टेकून वर आलाय, इथं घ्यायला पाहिजे होता."

शिकागो विद्यापीठातल्या हॅरी रॉबर्ट्स या संख्याशास्त्रज्ञाने १९५९ साली यादृच्छिक आकड्यांमधून असेच आलेख काढून दाखवले होते. चार्टवाल्यांना ओळखीचे वाटणारे आकार त्यातही निघाले. त्याआधी १९५३ मध्ये मॉरिस केंडालने ब्रिटिश शेअरांच्या निर्देशांकांबरोबर शिकागोच्या गव्हाचे आणि न्यूयॉर्कच्या कापसाचे भाव तपासले होते. मागच्या बदलांवरून पुढचा बदल सांगता येईल असं त्याला फारसं काही सापडलं नाही. कापूस म्हटल्यावर भाच्याने जरा कान टवकारले.

आता पद्धत या खोट्या भावांवर चालवली. हे गणित जुनंच आहे. भाव निव्वळ नशिबाने वर-खाली होत असेल, तर १८ टक्के खाली जाण्याआधी २ टक्के वर जाण्याची शक्यता १८ भागिले २० (१८ अधिक २), म्हणजे ९० टक्के. आरएसआय लावा, नाहीतर डोळे मिटून घ्या. शीटमध्ये आकडा नव्वदच्या किंचित खाली आला, कारण रोजच्या बंद भावाने मोजलं की भाव नेमका टार्गेटवर थांबत नाही, थोडी उडी मारून पुढे जातो आणि २ टक्क्यांच्या बाजूला ती उडी जास्त भारी पडते. म्हणजे ग्रुपवाल्याची 'दहापैकी नऊ' ही जाहिरात शब्दशः खरी आहे. नऊ वेळा २ मिळून १८ येतात आणि दहाव्या वेळी १८ जातात, एवढंच तो सांगत नाही. वर डिलिव्हरीत, म्हणजे शेअर खात्यात घेऊन ठेवताना, घेताना ०.१ आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा सरकारी कर. २ टक्क्यांच्या नफ्यातला दहावा हिस्सा तिथेच गेला, ब्रोकरेज वेगळं.

"पण चौदा सलग?"

०.९ चा चौदावा घात जवळपास ०.२३ येतो. शंभर जणांनी नाणेफेकीच्या भावांवर ही पद्धत चालवली, तर साधारण तेवीस जणांचे पहिले चौदा सौदे सलग फायद्यात जातील. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतात ते हेच तेवीस.

मला खरा रस होता तो पुढच्या प्रश्नात. विकले नाहीत असे शेअर किती? तो जरा थांबला. पाच. सगळे तोट्यात, कुणी ७ टक्के खाली, कुणी ११. "ते होल्डवर हायत." २ टक्क्यांची मजल लवकर गाठली जाते, १८ टक्के पडायला वेळ लागतो. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत ज्यांचा निकाल लागतो ते बहुतेक जिंकलेलेच असतात, आणि हरणारे अजून वाटेवर असतात. खोट्या भावांवरही आम्ही पहिल्या २० दिवसांत मिटलेले सौदे तेवढे वेगळे काढले, तर तिथे तोट्याचा सौदा शोधावा लागत होता. हे बघितल्यावर मात्र त्याने मोबाइल खाली ठेवला.

अर्थात माझे खोटे भाव जरा जास्तच सोज्वळ होते. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालादिवशी निफ्टी एका दिवसात जवळपास ६ टक्के पडला. माझ्या शीटमध्ये तसा दिवस जन्मात यायचा नाही. म्हणून मग एका खऱ्या शेअरचे रोजचे टक्केवारी बदल घेतले आणि पत्त्यांसारखे पिसले. मोठे धक्के तेच राहतात, फक्त क्रम मोडतो. पद्धतीला भावाच्या क्रमातलं खरंच काही कळत असेल, तर ती मूळ क्रमावर पिसलेल्या भावांपेक्षा ठळकपणे जास्त कमवायला हवी. शेकडो वेळा पिसून बघितलं. मूळ क्रमावरचा नफा त्या गर्दीत कुठेतरी मध्यभागी पडला.

मग तो म्हणाला सोयाबीनवर करू. सोयाबीन असं पिसता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आवक येते, महिन्याला अर्थ असतो. पिसताना तोच जायचा. शिवाय सोयाबीनचे वायदे सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामकाने, डिसेंबर २०२१ मध्येच थांबवले, तेव्हा पद्धत लावणार कशावर?

परवा त्याने नवी शीट पाठवली. मूव्हिंग अॅव्हरेजची, म्हणजे मागच्या काही दिवसांच्या सरासरी भावावरून घ्या-विका ठरवणारी, पिसलेल्या भावांवरही नफा दाखवणारी. "मावशी, ही तर नाणेफेकीतबी चालायली!" बघितलं तर मूळ शेअरच त्या पाच वर्षांत दुप्पट झालेला. पिसलं तरी बेरीज तीच, त्यामुळे प्रत्येक खोटा शेअरही शेवटी दुप्पटच. त्याला कळवलंय: शेजारी एक रकाना कर, पहिल्या दिवशी घेऊन नुसतं ठेवलं असतं तर किती मिळाले असते त्याचा, आणि मग वजाबाकी पाठव.