बाबांची कवळी आणि जत्रेचं नाटक

गेलं वर्षभर आमच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा कशावर झाली असेल तर बाबांच्या दातांवर. माशांचे भावसुद्धा मागे पडले, म्हणजे बघा.

बाबा ७१ चे. आम्ही गोव्यातल्या फोंड्याच्या बाजूचे, आणि गावच्या जत्रेच्या नाटकात बाबा मला कळतंय तेव्हापासून काम करतात. त्या वर्षी त्यांच्याकडे शकुनी होता आणि नेमके वरचे उरलेले सात दात हलायला लागले, हिरड्यांत पू झालेला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या सगळे काढावे लागतील. दुखेल काय, खर्च किती, काही नाही, बाबांचा पहिला प्रश्न, "नाटक दोन महिन्यांवर आलंय, बोळक्या तोंडाने शकुनी करू?"

मला तोवर कवळी म्हणजे कवळी, पाण्याच्या ग्लासात ठेवतात ती, एवढंच माहीत. तसं नसतं. नेहमीची पद्धत म्हणजे दात काढायचे, हिरडी भरून यायला दोनेक महिने थांबायचं, मग माप. पण घाई असेल तर दात काढायच्या आधीच माप घेऊन कवळी तयार ठेवतात आणि दात काढले की तिथल्या तिथे बसवतात, इमिजिएट डेंचर म्हणतात तिला. गोम अशी की पुढचे दात आधी लावून बघता येत नाहीत, कारण त्या जागी खरे दात अजून असतात ना, त्यामुळे चेहरा कसा दिसेल तो शेवटपर्यंत अंदाजच. आणि दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं, पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त, म्हणजे आज घट्ट बसलेली कवळी चार महिन्यांत लडबडणार हे धरूनच चालायचं, मग आतून नवा थर भरून (लाइनिंग) घ्यायचं. पहिले २४ तास ती काढायची नसते, काढली तर सुजेमुळे परत बसत नाही. ती रात्र बाबा पेज आणि बर्फावर होते आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत.

शकुनी झाला. पहिल्या प्रवेशात "भाच्या" ऐवजी "भाछ्या" ऐकू आलं असं काका म्हणतो, मला तर नाही आलं.

खरा घोळ खालच्या जबड्याचा. तिथे पुढचे सहा दात धडधाकट आणि मागे दोन्हीकडे चटणी करायला एक दाढ नाही. पूर्वी एकीकडून (कुठून ते लिहीत नाही) गुलाबी प्लॅस्टिकची, दोन तारांची अर्धी कवळी करून घेतलेली, ती नुसती हिरडीवर टेकायची, चावलं की रुतायची, त्यामुळे तिचा मुक्काम कपाटात, आणि एकदा धुताना बेसिनमध्ये पडून दोन तुकडे. तेव्हापासून आमच्याकडे कवळी धुताना बेसिनमध्ये आधी पाणी भरून घेतात.

या वेळी शेजारचे भाई ठाम होते, फ्लेक्सिबल घ्या. "मोव आसा, तारूय दिसना!" (मऊ आहे, तारही दिसत नाही!) दिसायला ती खरंच झकास, नायलॉनसारखी, गुलाबी पाकळी दाताला धरून बसते. पण डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. फ्लेक्सिबलला दातावर टेकायला पाय नसतो, सगळा भार हिरडीवर, ती हळूहळू खाली दबते, आणि पुढे एखादा दात वाढवायचा किंवा आतून भरायचं तर कटकट. आणि बाबांच्या बाबतीत अजून एक भानगड, वर सगळे नकली आणि खाली फक्त पुढचे सहा खरे, तर माणूस आपोआप पुढच्याच दातांनी चावत बसतो, ते सहा दात वरच्या कवळीला पुढून ढकलत राहतात आणि वरचं पुढचं हाड झिजून तिथली हिरडी लुबलुबीत होते. म्हणून खाली मागच्या बाजूला भक्कम आधार पाहिजे. शेवटी कास्ट पार्शल ठरली, म्हणजे धातूच्या सांगाड्याची अर्धी कवळी, कोबाल्ट-क्रोमची पातळ पट्टी, खऱ्या दातांना आकडे आणि दातांवर टेकायला छोटे पाय. हसताना एक आकडा चमकतो. भाईंनी तो पहिल्याच दिवशी हेरला.

म्हापशाच्या मावशीची गोष्ट वेगळी, तिचा एकही दात उरलेला नाही. वरची कवळी टाळूला हवा धरून बसते, खालची म्हणजे नुसता घोड्याचा नाल, त्यात जीभ तिला सारखी उचकटते. तिला खाली पुढे दोन इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचे स्क्रू, घातले, हाडात घट्ट व्हायला तीनेक महिने दिले, आणि आता कवळी त्यावर टिचबटणासारखी बसते, टिक्. रात्री काढून धुता येते. सगळे दात फिक्स करायला बरेच जास्त स्क्रू लागतात, तिला तेवढं नकोच होतं. बाबांचा खालचा प्रश्न कास्टने सुटला म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही. पण ज्यांची खालची पूर्ण कवळी फक्त खिशात राहते त्यांनी हे एकदा विचारावंच, आमच्याकडे लोक वर्षानुवर्षं "वय झालं" म्हणून भात-आमटीवर काढतात.

पावसाळ्यात वरची कवळी नव्याने केली. या वेळी मेणात दात लावून बघायला मिळालं. बाबांना खुर्चीत बसवून आकडे मोजायला लावले, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, म्हणजे "स" आणि "ष्ट" शिटी न वाजता येतात का ते कळतं. मग "फोंडा" म्हणायला सांगितलं, फ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांच्या टोकाला हलकेच लागला पाहिजे. बाबा उत्साहात शकुनीचा अख्खा संवादच सुरू करून बसले, बाहेरचे पेशंट आत डोकावायला लागले. बाई म्हणाल्या दात अर्धा मिलीमीटर मागे घेऊ.

पहिले पंधरा दिवस ते व्हरांड्यात पेपर मोठ्याने वाचत बसायचे, अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत. आता सुंगटाची (कोळंबीची) करी आरामात खातात. फक्त जत्रेतलं खाजं अजून चहात बुडवून.

जुनी इमिजिएट कवळी स्पेअर म्हणून ठेवलीय, पाण्यात ठेवा असं सांगितलेलं असूनही ती कुठे सापडली तर बाबांच्या मेकअपच्या पेटीत, मिशा आणि डिंकाच्या बाटलीशेजारी, ठणठणीत कोरडी.