दुधाचे खाडे

आमच्या घरात वर्ष ३१ डिसेंबरला बदलत नाही. त्या रात्री बारापर्यंत जागायला कोणाला उत्साह नसतो, कारण १ तारखेलाही मला सव्वासातची लोकल असते आणि बदलापूरहून फोर्टला नोकरीला जाणाऱ्या बाईने थर्टीफर्स्ट वगैरे करायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी ऑफिसात जांभया. आमचं वर्ष बदलतं डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, दुपारची जेवणं आवरली की, जेव्हा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्टुलावर चढून (चढू नका म्हटलं तरी) स्वयंपाकघराच्या दारामागचं कालनिर्णय खाली काढतात.

यंदा, म्हणजे २०२५ ला, २८ तारखेला काढलं. काढल्या काढल्या ते मी मागून घेतलं, कारण एकदा का ते आईंच्या हातात राहिलं की पानं सुटी होऊन डब्यांच्या तळाशी जातात.

आमचं कालनिर्णय तिथीसाठी कमी आणि हिशेबासाठी जास्त. खिळ्याला दोऱ्याने एक पेन्सिल बांधलेली आहे, तिला आईंशिवाय कोणी हात लावायचा नाही. लेकाने एकदा ती गणिताच्या गृहपाठाला तोडून नेली होती, तर दोन तास घरात पोलीस तपास चालला होता. रोजच्या चौकोनात आईंची स्वतःची लिपी असते. दू. दीड म्हणजे दूध दीड लिटर. दू. शून्य म्हणजे दूधवाल्याचा खाडा. फुली म्हणजे भांडीवाल्या ताईंचा. गॅ. म्हणजे नवा सिलिंडर लावला. पा. म्हणजे पाणी आलं नाही, आणि त्या पा. ला गोल केलेलं असेल तर टँकर मागवला. बारवी धरण इथून रिक्षाने जाण्याइतकं जवळ आहे, तरीही यंदाच्या एप्रिल-मेमध्ये गोल केलेले सात पा. मोजले मी. धरण उशाला कोरड घशाला ही म्हण ज्याने काढली तो आमच्या इकडचाच असणार.

आम्ही इथे आलो २०१४ साली. त्याआधी परळची चाळ, दहा बाय बाराची खोली आणि पुढे कॉमन गॅलरी. चाळ रिपेअरिंगला निघणार निघणार म्हणून दहा वर्षं ऐकल्यावर शेवटी ह्यांनी लोन काढलं आणि लोनमध्ये जे बसलं ते बदलापूर. नातेवाईकांनी पहिला प्रश्न विचारला की कर्जतच्या अलीकडे की पलीकडे. एक मामा तर म्हणाले, छान, हवा बदल होईल, जणू आम्ही महिन्याभरासाठी चाललो होतो. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. पूर्वी इथे सैन्याचे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर असं सांगतात, खरंखोटं माहीत नाही, पण मला तेव्हा वाटायचं की ते लोक शहाणे, घोडे बदलून पुढे तरी जायचे, आम्ही मुक्कामालाच आलोय.

पहिली दोन-तीन वर्षं तर आम्ही इथे फक्त झोपायला यायचो म्हटलं तरी चालेल. डॉक्टर परळचा, शिंपी परळचा, गणपतीची मूर्ती परळची. कळस म्हणजे चकलीची भाजणी. आई ती इथे भाजायच्या आणि दळायला परळच्या गिरणीत न्यायच्या, लोकलने, डबा मांडीवर घेऊन, का तर इथल्या गिरणीवाल्याला जाड-बारीक कळत नाही. परत येताना दादरला संध्याकाळच्या गर्दीत भाजणीचा डबा घेऊन बदलापूर गाडीत चढणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. एका दिवाळीत झाकण निसटलं आणि तीन बायकांच्या काळ्या ड्रेसवर भाजणी. त्यातली एक पुढे माझी चांगली मैत्रीण झाली, पण त्या दिवशी तिने जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या वर्षांच्या कालनिर्णयांवर, ती आईंनी पिशवीत घालून माळ्यावर ठेवलीयत, जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. दू. आणि गॅ. बास. मध्येच शनिवार-रविवारी आडवी रेघ आणि वर लिहिलेलं, परळ.

मग २०१९ चा जुलै आला. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजारावर माणसं बोटींतून काढली, ती बातमी सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली. आमच्याकडे टीव्ही चालूच नव्हता कारण लाईट नव्हती. उल्हास नदी रस्त्यावरून चालत आमच्या पार्किंगमध्ये आली आणि तळमजल्यावरची दोन कुटुंबं दोन रात्री आमच्या हॉलमध्ये होती, एकूण अकरा माणसं आणि एक पोपट. पोपट बोलायचा नाही. आईंनी खिचडी केली, मग परत खिचडी केली, आणि दुसऱ्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात सगळ्यांना परळच्या चाळीतल्या गोष्टी सांगितल्या. जिन्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे. सोसायटीने दोनदा रंग काढला तरी पावसाळ्यात ती उमटते. नवीन भाडेकरू आले की आम्ही जिन्यात थांबवून त्यांना ती दाखवतो, इथवर आलं होतं हं, असं, आणि सांगताना आवाजात जो एक तोरा येतो तो कुठून येतो कळत नाही. पूर काय आम्ही आणला होता का.

तर यंदाचं कालनिर्णय. जानेवारी-फेब्रुवारीत वाचण्यासारखं काही नाही, हळदीकुंकू आणि फुल्या, ताई गावी गेल्या होत्या. मे बघा मात्र. यंदा २६ मेला मान्सून मुंबईत येऊन धडकला, गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर कधी आला नव्हता, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यातही पडतच होता. आईंनी गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या. त्या आठवड्याच्या चौकोनात ओळीने लिहिलंय, पापड्या, पापड्या आत, पापड्या, पापड्या आत, आणि मग पेन्सिल दाबून, पापड्या गेल्या. जांभळंही तशीच गेली म्हणा. बदलापूरच्या जांभळाला जीआय टॅग मिळालाय, बाहेरच्या लोकांना आता ते माहीत व्हायला लागलंय, पण टॅगला पाऊस थोडाच घाबरतो, झाडाखाली नुसता जांभळा चिखल.

९ जूनच्या चौकोनात दुधाचं काही नाही. त्या सोमवारी सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली. काही गेलीच. माझी गाडी तिथून दीडेक तास आधीच निघून गेली होती, पण घरी टीव्ही बघणाऱ्या माणसाला हा हिशेब सुचत नाही, आणि ऑफिसच्या बेसमेंटमध्ये मला रेंज नव्हती. साडेदहाला माझा फोन लागला. चौकोनात एकच शब्द आहे, पोचली. मी तो तेव्हा पाहिला नव्हता, आत्ता पाहिला. आईंना दाखवला तर म्हणाल्या, दूधवाल्याला विचारायचं राहिलं त्या दिवशी, दीड की एक, हिशेबात गडबड झाली जूनच्या.

सव्वासातच्या गाडीबद्दल सांगायला हवं. लेडीज डबा, आमचा नऊ जणींचा ग्रुप. नियम एकच. येणार नसाल तर पावणेसातच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर खाडा असं टाकायचं, म्हणजे सीटची वाटणी ठरवता येते, म्हणजे अंबरनाथहून डाऊनने बसून येणाऱ्या बायकांशी भांडण किती करायचं ते ठरतं. आजारी असा, सुट्टी असो, मुलाची परीक्षा असो, कारण नाही लिहिलं तरी चालतं. पण न सांगता खाडा झाला तर फोन येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मला राग आला होता, ह्या कोण विचारणाऱ्या. आता नाही आला तर लागेल. डिसेंबरात ह्या डब्यातली गंमत बघावी, आम्ही चढतो तेव्हा सगळ्या स्वेटर-मफलरमध्ये, चंदेरीचा डोंगर धुक्यात अर्धा बुडालेला, पारा बाराच्या आसपास, आणि डोंबिवली-ठाण्याच्या बायका चढतात त्या आमच्याकडे अशा बघतात की आम्ही मनालीहून आलोय. कुर्ल्यापर्यंत स्वेटर निघून पिशवीत. ऑफिसात माझी खुर्ची त्यामुळे लांबूनच ओळखू येते, पाठीवर लोकर टाकलेली एकटीच.

ऑगस्टच्या १९ तारखेला मंगळवार होता. पाणी भरलं, दुपारी मेन लाईन ठाण्याच्या अलीकडे बंद, आणि मी फोर्टातून जेमतेम परळपर्यंत पोचले. मग काय, चाळच. जुन्या शेजारणीकडे, जिच्याकडे मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मीठ मागायला गेले होते. तिने गळ्यात पडून घेतलं, केस पुसायला पंचा दिला, कांदा भजी तळली, सगळं केलं. आणि चहा कपबशीतून दिला. आमच्या मजल्यावर सगळे स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचे आणि कपबशा वरच्या फळीवर असायच्या, पाहुण्यांसाठी. तिला जाणवलंही नसेल. मी बशीत ओतून प्यायले आणि बोलले काहीच नाही. रात्री कॉटही मला दिली, ती खाली झोपली. वरच्या मजल्यावरचं पाटा सरकवल्यासारखं काहीतरी वाजत होतं, ज्या आवाजात मी अकरा वर्षं घोरत झोपायचे, त्याने मला दोनपर्यंत झोप लागली नाही. फोनवर ग्रुपचे चाळीसेक मेसेज. कोण कुठे अडकलंय, कोणाच्या घरी लहान मूल एकटं आहे, कोणी त्याला जेवायला वर नेलंय. माझ्या नावापुढे कोणीतरी लिहिलं होतं, परळला आहे, सेफ, उद्या खाडा धरा.

आणि दारामागच्या कालनिर्णयावर, २० तारखेच्या चौकोनात, बारीक अक्षरात, ही परळला, दू. एक.

आज हे वाचलं आणि हसायलाच आलं. आत्तापर्यंत मला वाटायचं खाडे दूधवाल्याचे असतात, ताईंचे असतात. त्या दिवशी खाडा माझा होता. मी नाही म्हणून अर्धा लिटर कमी घेतलं. एवढा साधा हिशेब, पण इतकी वर्षं शनिवार-रविवारच्या त्या आडव्या रेघेवर नुसतं परळ असं लिहिलेलं असायचं, घरी गेल्यासारखं, आणि आता मी परळला राहिले तर ती गैरहजेरी धरली जाते. आईंना हे सगळं बोलून दाखवायला गेले असते तर म्हणाल्या असत्या, मग दूध नासवायचं का.

दिवाळीचं पान तेलकट आहे त्यामुळे अक्षरं नीट लागत नाहीत. भाजणी मात्र इथल्याच गिरणीत दळली, गेली चार वर्षं तिथेच दळतोय. गिरणीवाल्याला जाड-बारीक कळायला लागलं की आईंना इथली जाड चालायला लागली हा घरातला वादाचा विषय आहे, मी त्यात पडत नाही.

२ डिसेंबरला नगरपालिकेचं मतदान झालं. मागचं झालं होतं २०१५ च्या एप्रिलमध्ये, तेव्हा आमची नावं परळच्याच यादीत होती आणि आम्ही त्या दिवशी सुट्टी म्हणून झोपलो होतो. म्हणजे नगरसेवक निवडायची इथली ही पहिलीच वेळ. शाळेतल्या रांगेत पुढे गिरणीवाला, मागे पोपटवाले काका (पोपट गेला मागच्या वर्षी, नाव राहिलं). रस्ता, पाणी, स्टेशनचा पूल, सगळ्यांचं तेच रडगाणं, पण चालू इतक्या हौसेने होतं की लग्नाची पंगत वाटावी. आईंनी शाई लावलेलं बोट दोन दिवस भांडी घासायला लावलं नाही. चौकोनात लिहिलंय, मत दिलं, आणि खाली, पा.

मग नवीन कालनिर्णय उघडलं. आधी सुट्ट्या बघणं होतं, मग गणपती कधी ते, मग लेकाने स्वतःचा वाढदिवस कोणत्या वारी ते. आणि शेवटी मागच्या पानावर फोन नंबर उतरवायचं काम, ते दरवर्षी आई स्वतः करतात, मोबाईलमध्ये सगळं आहे म्हटलं तरी. मोबाईल बंद पडला तर काय भिंतीला विचारणार, असं म्हणतात, आणि त्यांच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. मी जुनं पान धरून एकेक वाचायचं, त्यांनी लिहायचं. गॅस. प्लंबर. टँकर. रिक्षावाला, रात्रीचा. रिक्षावाला, दुसरा. तळमजला. सव्वासातवाली मैत्रीण, हे माझ्यासाठी, म्हणजे मी उशीर केला तर विचारायला.

जुन्या पानावर सगळ्यात वर, सगळ्यांच्या आधी, चौकटीत, चाळीतल्या शेजारणीचा लँडलाईन नंबर होता. अकरा वर्षं तो पहिला असायचा. लँडलाईन तिने कधीचीच काढून टाकलीय. मी वाचला. आईंनी पेन्सिल कागदावर टेकवली, थांबल्या, आणि पुढचा सांग म्हणाल्या.

म्हटलं, हा नाही लिहायचा?

तो पाठ आहे मला, म्हणाल्या. पुढचा सांग.