इलेक्ट्रिक घ्यावी का, मॅडम?

चिठ्ठीवरची औषधं घेऊन, पैसे देऊन झाले की गिऱ्हाईक निघता निघता दारातल्या गाडीकडे बघतं आणि विचारतं, "मॅडम, गाडी काय म्हणायली? घ्यावी का इलेक्ट्रिक?" आठवड्यातून दोन-तीनदा तरी. अंबाजोगाईत इलेक्ट्रिक स्कूटरी आता सहज दिसतात, चारचाकी मात्र अजून 'अमक्याची' म्हणून ओळखू येण्याइतक्याच. मागे चार माणसं खोळंबलेली असतात, म्हणून मी "चांगली आहे" एवढंच म्हणते. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. तुम्ही विचारलंत म्हणून उरलेलं अर्धं इथे लिहिते.

गाडी चांगलीच आहे. रात्री १५ अँपिअरच्या प्लगला लावायची, सकाळी भरलेली मिळते. क्लच नाही, ऑइल नाही, थरथर नाही. मे महिन्यात ४२ अंशांतही एसी लावून लातूरला जाऊन येते, मध्ये कुठे चार्जिंग शोधत बसावं लागत नाही. घरी एकच अडचण आली, अर्थिंगची. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि चार्जर लाल दिवा दाखवून बसतो. वायरमननं कोळसा-मीठ घालून खड्डा नव्यानं भरला. आता सकाळी तुळशीला तांब्या आणि अर्थिंगला बादली, असा आमचा नेम आहे.

मग त्रास कशाचा? शोरूममधून घरी आली ती गाडी आता माझ्याकडे नाही. रात्री उभ्या उभ्या ती बदलते. काय बदललं हे मला कळत नाही आणि जिथून घेतली त्यांनाही कळत नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी आम्ही परळीला वैजनाथाला निघालो. आदल्या रात्री गाडीच्या स्क्रीनवर तिच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं होतं, मी 'इन्स्टॉल' दाबून झोपले. परळीच्या वाटेवर घाट उतरावा लागतो. इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलटं काम करते, चाकांच्या फिरण्यातून वीज बनवून बॅटरीत टाकते आणि त्या ओढीनं गाडी आवरते. त्याला रीजन म्हणतात. मी ते कायम वरच्या पातळीवर ठेवते आणि घाटात ब्रेकला फारसा पाय लावत नाही. त्या दिवशी पहिल्या वळणाआधी पाय काढला, तर गाडी आवरायच्या ऐवजी मोकळी सुटली. ब्रेक दाबला, तो व्यवस्थित लागला, काही झालं नाही. पण मागच्या सीटवर सासूबाईंच्या मांडीवरचा बेलफुलांचा डबा पुढे येऊन माझ्या मानेवर आदळला. "सूनबाई, सावकाश," एवढंच त्या म्हणाल्या. पुढचा सगळा घाट त्यांनी वरची कडी सोडली नाही.

खाली आल्यावर सेटिंग उघडून पाहिलं. अपडेटनं रीजन सगळ्यात खालच्या पातळीवर आणून ठेवलं होतं. बदल एवढाच.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. आधी त्यांनी विचारलं, "सर आहेत का? त्यांच्याकडे द्या ना." सर कॉलेजात मराठी शिकवतात आणि गाडीच्या बाबतीत त्यांचं ज्ञान सीट पुढे-मागे करण्यापर्यंतच आहे. मीच बोलणार म्हटल्यावर सांगण्यात आलं, "मॅडम, बॅटरी फुल्ल असली की रीजन कमी होतं, नॉर्मल आहे." हे तसं खरं आहे. भरलेल्या रांजणात आणखी पाणी कुठे ओतणार? पण घाटाच्या तोंडाशी माझी बॅटरी ८२ टक्के होती. मी टक्के लिहून ठेवते, दुकानातल्या स्टॉक रजिस्टरसारखी एक वही गाडीत असते. वहीचं नाव काढल्यावर पलीकडचा आवाज मऊ झाला. "तिकीट रेज करतो मॅडम, कंपनीकडून कळेल." कंपनीकडून अकरा दिवसांनी मेसेज आला, त्यात तिकीट, म्हणजे माझी तक्रार, बंद केल्याचं लिहिलं होतं.

अपडेटसोबत आलेली माहिती मी नंतर उघडून वाचली. 'कामगिरीत सुधारणा आणि किरकोळ दुरुस्त्या.' संपलं. मी औषधं विकते. पन्नास पैशांची गोळी असली तरी तिच्या पाकिटावर बॅच नंबर असतो, तयार केल्याची तारीख असते, संपायची तारीख असते, आत काय आहे ते मिलिग्रॅममध्ये असतं. बॅचमध्ये खोट निघाली तर ती परत मागवली जाते आणि मला शेल्फवरून काढावी लागते. चौदा लाखांची गाडी ज्या ब्रेकच्या भरवशावर घाट उतरते त्यात बदल केला, तर दोन ओळी जास्त लिहायला कुणाचा हात दुखतो?

सर्व्हिस सेंटरातल्या पोरांवर राग काढून उपयोग नाही, हे मला उशिरा कळलं. शोरूमवाला पूर्वी गाडी विकून कमवायचा त्याहून सर्व्हिसवर जास्त आशा ठेवायचा: ऑइल, फिल्टर, क्लचप्लेट, टायमिंग बेल्ट. इलेक्ट्रिकमध्ये तपासायला उरतं काय? एसीचा फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, टायर. माझं पहिलं बिल बघून मला आनंद झाला, त्यांना होणार नव्हता. मग ते माणसं कशाला वाढवतील? बॅटरीचं प्रशिक्षण घेतलेला एकच पोरगा होता, हुशार होता, तो चाकणला गेला. जे उरले ते लॅपटॉप जोडतात, बिघाडाचे कोड वाचतात, कंपनीला पाठवतात आणि आपल्याबरोबर बसून वाट बघतात. वाट बघण्यात लातूर कच्चं नाही म्हणा, २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी येण्याची वाट बघितलेलं गाव आहे.

जानेवारीत एका सकाळी गाडी रिमोटनं उघडेचना. स्क्रीन काळी, दरवाजा लॉक. मोठी बॅटरी रात्री ७० टक्के होती. सर्व्हिसवाले म्हणाले, "हात लावू नका, वॉरंटी जाईल, गाडी उचलून न्यायला फ्लॅटबेड ट्रक पाठवतो, संध्याकाळ होईल." बसस्टँडजवळचा बॅटरीवाला दादा दुकानात सर्दीची गोळी घ्यायला आला होता. तो म्हणाला, "बघू तर द्या." किल्लीनं दार उघडलं, बॉनेट उघडलं, मीटर लावला. गाडीत १२ व्होल्टची एक साधी लहान बॅटरी असते, पेट्रोल गाडीत असते तसलीच. गाडीतले सगळे कॉम्प्युटर तिच्यावर जागे होतात आणि मोठ्या बॅटरीचं दार तेच उघडतात. ती लहान बॅटरी ९ व्होल्टवर आली होती. कणगी भरलेली आणि कोठीची किल्ली हरवलेली, अशी गत. दादानं दुसरी बॅटरी जोडली, गाडी जागी झाली आणि स्क्रीनवर पहिली ओळ उमटली: अपडेट अपूर्ण. आमच्या गल्लीत नेटवर्क धड येत नाही. गाडी रात्रभर उठून अपडेट ओढायचा प्रयत्न करत राहिली आणि त्यात लहान बॅटरी संपली, असं दादाचं निदान. सर्व्हिसवाल्यांनी आठवड्यानं तेच सांगितलं, फक्त इंग्रजीतून. दादानं पैसे घेतले नाहीत. मी गोळीचे घेतले नाहीत.

त्यानंतर मी फोन करणं बंद केलं. आता जे बोलायचं ते ईमेलवर, तारखेसह, स्क्रीनच्या फोटोसह. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारीही ठेवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. गाडी लातूरची आणि कंपनी लांबची असली तरी माझी तारीख बीडला लागेल. दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला फी ४०० रुपये, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. जावं लागलं नाही. मेलमध्ये बीडच्या आयोगाचा उल्लेख केल्यावर तिसऱ्या दिवशी कंपनीच्या प्रादेशिक कार्यालयातून फोन आला आणि त्या माणसानं "सर आहेत का" असं विचारलं नाही.

तर घ्यावी का? घ्या. फक्त शोरूममध्ये रंग आणि सनरूफ बघून झालं की मागच्या बाजूला वर्कशॉपमध्ये जा. बॅटरीचं काम शिकलेला माणूस कोण, तो सध्या नोकरीवर आहे का, गेला तर पुढे कोण, हे विचारा. मागच्या अपडेटमध्ये काय बदललं ते सांगा म्हणा आणि तोंडाकडे बघत राहा. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षांची, १ लाख ६० हजार किलोमीटरची असेल, पण ती ज्या सर्व्हिसच्या नोंदींवर टिकते त्या नोंदी तुमच्या हातात कागदावर घ्या. आणि गावातल्या एखाद्या बॅटरीवाल्याशी बोलचाल ठेवा.

काल रात्री स्क्रीनवर पुन्हा आलंय, नवीन अपडेट तयार आहे. उद्या सासूबाईंना परळीला न्यायचंय. मी 'नंतर' दाबलं.