वाऱ्याच्या लूपमधली टक

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर संध्याकाळी गर्दी गेल्यावर जो वारा सुटतो ना, तोच मला प्रोजेक्ट झोम्बॉइड या झोम्बींच्या कॉम्प्युटर गेममध्ये हवा होता. गेम १९९३ च्या केंटकीत घडतो, हळूहळू वीज जाते, टीव्ही-रेडिओ गप्प होतात, आणि मग रिकाम्या घरात बसल्यावर बाहेर असाच वारा पाहिजे. रेकॉर्डिंग, गेमच्या स्क्रिप्टमध्ये आवाजाचं नाव टाकणं, लुआ भाषेतला कोड, हे सगळं शनिवार-रविवारात उरकलं.

आणि मग ती टक.

चाळीस सेकंदांचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, आणि दर चाळीस सेकंदांनी एक बारीक टक, तिच्याआधी क्षणभर आवाजच गायब. स्पीकरवर कळायचं नाही, पण हेडफोन लावून रात्री खेळताना दुसरं काही ऐकूच येईना. आधी वाटलं गेमचाच प्रॉब्लेम, म्हणून स्क्रिप्ट तीनदा नव्याने लिहिली, व्हॉल्यूम कमी केला, बाकीचे मॉड (गेममध्ये बाहेरून घातलेले बदल) काढले, चार रात्री गेल्या. एका व्हिडिओत सांगितलं होतं आधी एमपीथ्री काढा मग वेबसाइटवर त्याची ओजीजी (आवाजाच्या फाइलचा दुसरा प्रकार) करून घ्या, आणि मी तेच करत होतो. शेवटी ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ती ओजीजी उघडून झूम केलं तर सुरुवातीलाच सपाट रेघ! एमपीथ्री बनताना सुरुवातीला थोडी शांतता आपोआप चिकटते, नंतर ओजीजी केली तरी ती आतच राहते. हे त्या व्हिडिओत एका वाक्यात सांगायला काय हरकत होती, अजून राग येतो.

एमपीथ्री न करता थेट ओजीजी काढल्यावर ती पोकळी गेली, टक मात्र राहिली, कारण लूपचा शेवट आणि सुरुवात जुळतच नव्हते. मग शेवटचे तीन सेकंद कापून नव्या ट्रॅकवर सुरुवातीच्या वर ठेवले, त्यांना फेड आउट (आवाज हळूहळू कमी), खालच्या सुरुवातीच्या तीन सेकंदांना फेड इन (हळूहळू वाढता), आणि दोन्ही मिक्स. गेम लावला. चाळीस सेकंद गेले, ऐंशी गेले, नुसता वारा. अंगावर काटा आला खरंच.

हां, रेकॉर्डिंगचं राहिलंच. पवनचक्कीपासून लांब जा, पात्यांचा ठेका आला की लूप लगेच ओळखू येतो. टिटवी ओरडली तर तेवढा भाग कापा, केंटकीत आपली टिटवी नसते आणि दर चाळीस सेकंदांनी तीच ओरडली तर सगळी भीतीच जाते. फोनच्या माइकवर लोकरी मफलर गुंडाळा, नाहीतर नुसती फडफड येते, तरी उरलेली घरघर हाय-पास फिल्टरने (खालचे जाड आवाज कापणारा) काढा, मी ८० हर्ट्झच्या खालचं काढलं. आणि मूळ रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्येच ठेवा, पुसू नका, मला त्या चार रात्रींत त्याच्याकडे सारखं परत जावं लागलं.

आता मामाच्या गोठ्याच्या पत्र्याचा आवाज घ्यायचाय. वारा आला की तो असा करकरतो की मी लहानपणी रात्री तिकडे जायचोच नाही.