फोटो कधीचा, ते सावलीने सांगितलं

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा फोटो असा होता: उतरत जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना टोकदार छपरांची लाकडी घरं, खाली पाण्याचा तुकडा आणि त्यामागे आकाश भरून टाकणारा राखेचा ढग. सोबत 'आज सकाळचा उद्रेक' असा मजकूर आणि एका देशाचं नाव. फोटो बनावट वाटत नव्हता. पण खरा फोटो भलत्या देशाच्या, भलत्या तारखेच्या नावावर खपवणं हे बनावट फोटो करण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं, म्हणून मी तो तपासायला घेतला.

मेटाडेटाकडून, म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये दडलेल्या माहितीकडून, अपेक्षा नव्हतीच. मेसेजिंग अ‍ॅपमधून गेलेल्या फोटोतलं जीपीएस, कॅमेऱ्याचं मॉडेल, वेळ हे सगळं सहसा गळून पडतं. गूगल लेन्स, यांडेक्स आणि टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या तिन्ही साधनांवर शोधलं, तर त्याच फॉरवर्डच्या प्रती मिळाल्या. मग नेहमीप्रमाणे फोटो मोठा करून कडेकडेने पाहत गेले. एका व्हॅनवर चार-पाच अक्षरं होती, पण ती कुठल्याच लिपीत बसेनात. फोटो आडवा फ्लिप केला आणि अक्षरं झटकन रोमन झाली, शब्द स्पॅनिश निघाला. म्हणजे कुणीतरी मूळ फोटो आरशातल्यासारखा उलटवून, वरचा भाग कापून पुढे ढकलला होता. हा उद्योग बहुतेकदा शोध चुकवण्यासाठी करतात.

सरळ झालेल्या फोटोत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चाललेल्या दिसल्या. लाल अष्टकोनी पाटीवर 'पारे', म्हणजे 'थांबा', होतं. मेक्सिकोत त्याच पाटीवर 'आल्टो' लिहितात, त्यामुळे तो देश बाद झाला. घरांच्या भिंतींवर माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी फळ्या एकावर एक ठोकलेल्या होत्या. अशा भिंती दक्षिण चिलीत भरपूर दिसतात. एवढ्यावरून देश ठरत नाही, पण आधी कुठे पाहायचं ते कळतं.

याच टप्प्यावर मी फोटो एका एआय चॅटबॉटलाही दाखवला. त्याने ठामपणे इक्वेडोरमधल्या कोटोपाक्सी ज्वालामुखीचं नाव सांगितलं, वर परिच्छेदभर कारणंही दिली. त्यातलं एकही कारण फोटोत बोट ठेवून दाखवता येण्यासारखं नव्हतं. अशी उत्तरं मी संशयितांच्या यादीत लिहून ठेवते, त्यापलीकडे त्यांना किंमत देत नाही.

फोटो पाहणारा प्रत्येकजण ढगाकडेच पाहतो. पण ढग दर मिनिटाला बदलतो, त्याच्यावरून जागा सापडत नाही. माझ्या कामाचा होता तो ढगाच्या डावीकडे, अगदी फोटोच्या कडेला उभा असलेला एक पांढरा, रेखीव शंकू. दक्षिण चिली, बर्फाचा असा शंकू, शेजारी दुसरा ज्वालामुखी आणि पुढ्यात पाणी म्हटल्यावर यान्किवे तलाव आठवतोच: 2,652 मीटर उंचीचा ओसोर्नो आणि त्याच्या दक्षिणेला काल्बुको. काल्बुकोचा मोठा उद्रेक 2015 च्या एप्रिलमध्ये झाला होता.

आता मजा सुरू झाली. गूगल अर्थमध्ये जमिनीलगतच्या पातळीवर उतरून तलावाभोवतीच्या एकेका गावातून दोन्ही डोंगर पाहायला लागले. कॅमेऱ्याची लेन्स माहीत नव्हती, त्यामुळे थेट कोन मोजता येत नव्हता. त्याऐवजी मी गुणोत्तर धरलं: दोन शिखरांमधलं आडवं अंतर ओसोर्नोच्या दिसणाऱ्या उंचीच्या किती पट आहे? पुएर्तो माँतहून दोन्ही शिखरं जवळजवळ दिसतात, त्यांच्यातला कोन 20 अंशांच्याही आत येतो, शिवाय ते शहर समुद्रकाठी आहे. तलावाच्या पश्चिम काठावरच्या पुएर्तो वारासहून हाच कोन 30 अंशांच्या वर जातो. त्याच काठावरच्या फ्रुतियारहूनही कोन साधारण तेवढाच रुंद असतो, पण तिथून पूर्वेला ओसोर्नो येतो आणि काल्बुको आग्नेयेला सरकतो. पुएर्तो वारासहून काल्बुको जवळजवळ नाकासमोर पूर्वेला आहे. फोटोतला रस्ता आणि किनाऱ्याची दिशा पुएर्तो वारासशीच जुळली. फोटो उलटाच ठेवला असता, तर तलावाच्या पश्चिम काठावरचं एकही गाव जुळलं नसतं, कारण तिथून ओसोर्नो नेहमी काल्बुकोच्या डावीकडेच असतो.

नेमका रस्ता शोधायला स्ट्रीट व्ह्यूवर, म्हणजे गूगलच्या रस्त्यांवरच्या फोटोंमधून, चालत बसावं लागलं. हा भाग कंटाळवाणा असतो आणि तो लांबवर सांगण्यात अर्थ नाही. शेवटी ट्रान्सफॉर्मरचा खांब, जोडचिमणी आणि फूटपाथचा कापलेला कोपरा, हे तिन्ही एकाच ठिकाणी, त्याच क्रमाने मिळाले. स्ट्रीट व्ह्यूच्या जुन्या चित्रांच्या टाइमलाइनवरून उद्रेकाआधीचं चित्र उघडल्यावर फोटोतलं, पण आज नसलेलं एक कुंपणही तिथे दिसलं.

तारखेचं मात्र अजून बाकी होतं. काल्बुकोचा 2015 मधला पहिला उद्रेक 22 एप्रिलला संध्याकाळी सहाच्या सुमारास झाला, दुसरा मध्यरात्रीनंतर, आणि तिसरा, तुलनेने छोटा, 30 एप्रिलला दुपारी एकच्या सुमारास. फोटोत ऊन होतं, त्यामुळे दुसरा आपोआप वगळला गेला. पहिला की तिसरा, हे सावलीवर ठरणार होतं. उतारावरची सावली फसवते, म्हणून रस्ता जिथे सपाट होतो तिथला एक खांब निवडला. सावलीची लांबी उपग्रहचित्रावरच्या रस्त्याच्या रुंदीवरून काढली. ती खांबाच्या उंचीच्या साधारण सहापट निघाली आणि डोंगराच्या बाजूला पडलेली होती. सनकॅल्क या सूर्याची जागा दाखवणाऱ्या साइटवर 30 एप्रिलची दुपार टाकली, तर सूर्य उत्तरेला, चांगला वर. तेव्हा सावली उंचीच्या दीडपट येते आणि दक्षिणेकडे पडते. 22 एप्रिलला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सूर्य आठ-दहा अंशांवर, पश्चिम-वायव्येकडे. सावली पाच ते सातपट, पूर्व-आग्नेयेकडे. इथे शंकेला जागा उरली नाही. 'आज सकाळचा' हा शब्दही खोटाच होता, फोटो संध्याकाळचा होता.

माझा निष्कर्ष न सांगता एका मैत्रिणीला सरळ केलेला फोटो आणि फक्त 'चिली' एवढाच शब्द दिला. तीही त्याच चौकात पोहोचली, तिने तर मला न दिसलेली एक पाटीही वाचली.

कॅमेरा कुठे होता तेही काढता आलं. जवळच्या छपराचा कोपरा काल्बुकोच्या उतारावर जिथे टेकतो ती एक रेषा, दिव्याचा खांब आणि लांबच्या चिमणीची दुसरी. दोन्ही नकाशावर ओढल्या की छेदतात तिथे फोटो काढणारा उभा होता. त्या रेषा एका घराच्या वरच्या मजल्याच्या खिडकीवर छेदल्या. ग्रुपवर पाठवलेल्या टिपणात मी गाव, तारीख, सहा ते साडेसहाची वेळ आणि शेजारी-शेजारी ठेवलेली चित्रं दिली. खिडकी वगळली, रस्त्याचं नावही लिहिलं नाही. फोटो कुठला आणि कधीचा हे सिद्ध करायला त्या घराच्या पत्त्याची गरज नव्हती.